तळघरातल्या खाटा

२० जानेवारी, सोमवार

रात्रभर झोपले नाही. ओटिसच्या छातीवर हात ठेवून बसले होते. गॅस काढणारी कंपनी परत येतेय. काल शेजारच्या स्ट्रोपबाई सांगून गेल्या, आणि मला सारखं वाटायला लागलं की बाळाचा श्वास थांबेल. थांबला नाही. पण मी हात काही काढला नाही.

ही वही क्लिनिकमधल्या नर्सनं दिलीय. ओटिसच्या अंगावरचं पुरळ कधी वाढतं, कधी कमी होतं, ते लिहून ठेव म्हणाली. मला लिहायची सवय नाही. नववीत शाळा सुटली. पण नवरा, ड्वेन, तिकडे डकोटात ट्रक चालवतो, महिन्यातून एकदा घरी येतो. नेल पाच वर्षांची, ओटिस आठ महिन्यांचा. बोलायचं कोणाशी? म्हणून पुरळाबरोबर बाकीचंही लिहिते.

मागच्या वेळी कंपनीनं पलीकडच्या टेकडीवर गॅस काढायला खडक फोडला तो पाणी मारून. ट्रकच्या रांगा, घाण पाण्याचं तळं, वास. आमची विहीर चहासारखी झाली. प्यायचं पाणी बाटलीतलं आणतो, पण आंघोळ कशानं घालणार? म्हणून हे पुरळ.

आणि स्ट्रोपबाईंचं पंपघर. विहिरीतून गॅस वर आला, छपराखाली साचला. बाईंनी दिव्याचं बटण दाबलं आणि छप्पर उडून मक्याच्या शेतात पडलं. बाई दारातच होत्या म्हणून वाचल्या. भुवया तेवढ्या गेल्या. आता पेन्सिलीनं काढतात, एक वर एक खाली. म्हणतात, सकाळी चष्मा सापडेपर्यंत थांबायला वेळ कोणाला आहे.

त्यानंतर बंबवाल्यांचा प्रमुख घरोघर आला. गॅस हवेपेक्षा हलका, वर जातो. वरच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवा, गॅस कळायचा अलार्म छताला लावा, काम चालू असेल तेव्हा तळघरात झोपा. तेव्हापासून आमच्या घळीत सगळ्यांच्या तळघरात खाटा आहेत. हॅकमनच्या मुलीच्या लग्नात तिला तीन घडीच्या खाटा आहेरात आल्या. कोणी हसलं नाही.

२३ जानेवारी

बंबवाल्यांच्या हॉलमध्ये मीटिंग होती. पोरांना घेऊन गेले.

कंपनीकडून बोलायला एक पोरगी आली होती, माझ्याच वयाची असेल. पायात नवे कोरे गमबूट. वाटलं, ही आता कागद बघून बोलणार. पण ती कागद बाजूला ठेवूनच बोलली. म्हणाली, या वेळी आम्ही पाणी वापरणारच नाही. एक थेंब नाही. तुमच्या घराबाहेर स्वयंपाकाच्या गॅसची जी पांढरी टाकी असते ना, त्यातलाच गॅस आम्ही जेलीसारखा घट्ट करून खाली सोडतो. तो खडक फोडतो, मग पुन्हा पातळ होतो, आणि आम्ही तो वर ओढून घेतो आणि परत वापरतो. घाण पाणी नाही, म्हणून तळं नाही. ट्रक खूप कमी.

म्हातारा हॅकमन मागून म्हणाला, "म्हणजे टेकडी शेगडीवर चढवणार म्हणा की."

सगळे हसले. तीसुद्धा हसली. म्हणाली, "आजोबा, काडी ओढायला आम्ही कोणाला जवळ फिरकू देत नाही."

मग कोणीतरी जुन्या बोरींचं विचारलं. आमच्याकडे पणजोबांच्या काळापासून लोकांनी कुठे कुठे भोकं पाडून ठेवलीत. ती म्हणाली, नकाशावर आहेत तेवढ्या सगळ्या आम्ही शोधल्या आणि सिमेंटनं बुजवल्या.

मला आमची नळी आठवली. तळघराच्या कोपऱ्यात जमिनीतून वर आलीय, मनगटाएवढी जाड. ड्वेनच्या पणजोबांनी स्वतः बोर मारली होती. घरापुरता गॅस निघायचा, त्यावर दिवे चालायचे, चूल चालायची. ती बोर मरून कित्येक वर्षं झाली. वर लाकडी खुंटी ठोकलीय, नेल तिच्यावर टोपी अडकवते. ती कुठल्या नकाशावर असणार? मी हात अर्धा वर केला. मग वाटलं, एवढ्या लोकांत काय बोलायचं, आणि ड्वेन नेहमी म्हणतो की कंपनीला सांगितलंस तर तळघर खणून ठेवतील आणि निघून जातील. तेवढ्यात ओटिस रडायला लागला. हात खाली घेतला आणि त्याला घेऊन बाहेर आले.

ती पोरगी नंतर माझ्यामागे आली. ओटिसचं पुरळ बघितलं. म्हणाली, "हेच थांबावं म्हणून मी या कामात आले." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. खोटं नव्हतं ते, मला कळतं.

शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीपण वाजवल्या. ओटिसचे हात धरून त्याच्याही वाजवल्या.

२६ जानेवारी, रविवार

गार्थ आला होता. माझा भाऊ, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. दोन वर्षं ओक्लाहोमात होता, आता या नव्या टोळीत लागलाय, आमच्याच टेकडीवर काम करणार. हरणाच्या मांसाचे सॉसेज घेऊन आला.

दारातूनच, "काय मार्ला, अजून बाटलीतल्या पाण्यानं भांडी घासता म्हणे. राणीसाहेबांचा थाट आहे."

"तू ये घासायला. विहिरीच्या पाण्यानं घास, मग बघू तुझे हात."

"माझे हात आता साहेबाचे झालेत. हातमोज्याशिवाय काही शिवू देत नाहीत." मग नेलला खांद्यावर घेऊन सांगत बसला. फाटकावर फोन काढून घेतात, कुलपात ठेवतात, ठिणगी नको म्हणून. लायटर नेला तर नोकरी गेली. त्यांच्या गॅसला वास नसतो, वास नंतर घालतात, घरोघर द्यायच्या वेळी. म्हणून जागोजागी यंत्रं लावलीत, तीही गुडघ्याएवढ्या उंचीवर. आणि जेवायला चरात बसलेलं चालत नाही. "वारा एवढा बोचतो, चरात बसलं तर जरा ऊब. पण नाही. मुकादम शाळेतल्या बाईसारखा कान धरून वर आणतो."

तो यायच्या आधी मी तळघराचं दार ओढून घेतलं होतं. खाटा त्याला दाखवल्या नाहीत. लहानपणापासून मला भित्री म्हणतो. कोंबड्यांच्या खुराड्यात गेले नाही म्हणून अजून चिडवतो. खाटा दिसल्या असत्या तर जन्मभर ऐकवलं असतं.

तो गेल्यावर नेल म्हणाली, "आई, मामा म्हणतो त्यांचा गॅस पाण्यासारखा चालतो. खाली खाली, उतारानं."

म्हणलं, मामा तुला चिडवतो. गॅस कधी चालतो का? स्ट्रोपआजीचं छप्पर कुठे गेलं होतं? वर ना?

"वर," म्हणाली.

३ फेब्रुवारी

आज काम सुरू झालं.

खरं सांगायचं तर आवाज फार नाही. मागच्या वेळी भांडी वाजायची. आता नुसती घरघर, लांब कुठेतरी ट्रॅक्टर चालू असल्यासारखी. रस्ता मोकळा आहे. ओढा स्वच्छ आहे, काठाला बर्फ धरलाय. मी दोरीवर कपडे घातले, दोन वर्षांत पहिल्यांदा. धूळ बसली नाही. गोठून पुठ्ठ्यासारखे झाले ते वेगळं.

स्ट्रोपबाई सकाळी अंडी घ्यायला आल्या, रोज येतात. म्हणाल्या, "बघ गं, देव आहे."

म्हणलं, "तुमची डावी भुवई आज फार वर गेलीय."

"देवाकडे बघत होते," म्हणाल्या.

तरी खाटा मांडल्या. नेलला एक, मला एक. ओटिसला कपाटाचा मोठा खण काढून त्यात गादी घालून जमिनीवर. वरच्या मजल्याच्या खिडक्या चार बोटं उघड्या ठेवल्या. छताचा अलार्म खाली आणून तळघराच्या छताला लावला. बटण दाबून बघितलं, कान फाटेपर्यंत ओरडला. हिरवा दिवा लागलाय. तो बघत झोपेन.

५ फेब्रुवारी

मांजर वेड्यासारखी करतेय. महिन्यापूर्वी तिनं पिल्लं घातली तळघरात, बटाट्याच्या पोत्यामागे. आज बघते तर एकेक पिल्लू तोंडात धरून जिन्यानं वर आणतेय. स्वयंपाकघरात, फळीवर, पिठाच्या डब्याशेजारी. वरच्या खिडक्यांची सगळी थंडी तिथे उतरते. म्हणलं, बये, कुठे ठेवतेस? सगळी उचलली आणि परत खाली पोत्यामागे ठेवली. तासाभरात परत वर. मी परत खाली. शेवटी दार लावून घेतलं.

नेल म्हणते नळी शू शू करते. कान लावला. मला काही ऐकू आलं नाही, पण माझा उजवा कान असाही कमी ऐकतो. खुंटीभोवती पांढरं दव गोठलंय, बाकी भिंत कोरडी. ओलं फडकं गुंडाळून ठेवलं. अलार्मचा दिवा हिरवाच. म्हणजे काळजी नाही. स्वतःलाच सांगते, काळजी नाही.

६ फेब्रुवारी

ओटिस रात्री रडला नाही.

जन्मल्यापासून असं झालं नव्हतं. एकदाही उठला नाही, दूध मागितलं नाही. सकाळी मीच हलवून उठवला, तेव्हा कुठे डोळे उघडले, आणि दूध पिताना परत पेंगला. पुरळाची खाज कमी झाली असणार. आंघोळीला बाटलीतलं पाणी घेतलं होतं चार दिवस. नर्सला सांगायला पाहिजे.

माझं डोकं मात्र ठणकतंय. जिना चढताना तोल गेला, कठडा धरला. नेलनं नाश्ता ओकून टाकला. सॉसेज जुने झाले असतील. दुपारी वर चुलीपाशी बसलो, तर दोघींना बरं वाटलं. म्हणजे ताप नसावा.

८ फेब्रुवारी, शनिवार

गार्थशी भांडण झालं. फोनवर.

काल रात्री नेल परत ओकली आणि म्हणाली पाय हरवले. हसत होती, दारू प्यायल्यासारखी. मी घाबरले. सकाळी त्याला लावला. म्हणलं, तुमच्या कामात काहीतरी चुकतंय. पोरांना बरं नाही.

"मी रोज त्या गॅसच्या शेजारी उभा असतो. मेलो का?"

"तू पुरुष आहेस. ओटिस आठ महिन्यांचा आहे."

"मार्ला, मागच्या वेळी पाणी वाईट होतं म्हणून ओरडत होतीस. आता पाणी नाही तर हवा वाईट. टाळ्या तूच वाजवल्यास ना? मला हॅकमन म्हणाला."

"वाजवल्या. आता काय, हात तोडून देऊ?"

"गारठा आहे, पोरं आजारी पडतात. दवाखान्यात ने." मग आवाज बदलला. "बरं ऐक. एक लक्षात ठेव. आमचा सायरन झाला ना, तर पोरांना घेऊन—"

"मला माहीत आहे काय करायचं. दोन वर्षं मीच राहतेय इथे, तू नाही." आणि फोन ठेवला.

परत त्याचा आला तेव्हा उचलला नाही. तीनदा वाजला. आता वाटतं उचलायला हवा होता. तो सोमवारपर्यंत कामावर, तिथेच राहायचं असतं, फोन कुलपात. म्हणजे आता लागायचाही नाही.

९ फेब्रुवारी

पिल्लं मेली. चारही. पोत्यामागे एकमेकांत शिरून, लाकडासारखी. मांजर चार दिवस त्यांना वर आणत होती आणि मी परत खाली नेत होते, ऊब राहावी म्हणून. तरी थंडीनं गेली. नेलला सांगितलं नाही, मागे कुंपणापाशी नेऊन ठेवली. जमीन एवढी घट्ट आहे की खणता आलं नाही.

मांजर आता गोठ्याच्या माळ्यावर, अगदी वर गवतात बसलीय. हाक मारली तर बघते, खाली येत नाही.

पिल्लं थंडीनं मरतात तर ओटिस? तो तर जमिनीवर झोपतो. त्याचे ओठ सकाळी जरा वेगळे दिसले मला. उजेडात आणल्यावर ठीक वाटले. का मीच तसं ठरवलं, कोण जाणे.

छपरीतून ड्वेनचा रॉकेलचा हीटर काढून ठेवला. पेटवावा की नाही कळेना. स्ट्रोपबाईंना विचारलं. म्हणाल्या, "खाली पेटव गं, वर नको. गॅस वर असतो. माझं छप्पर विसरलीस?" विसरेन कशी.

दवाखान्यात जायला निघाले होते, पण रस्त्यावर बर्फाची नुसती काच झालीय. फाटकापर्यंतच गाडी दोनदा फिरली. नेल मागे हसत होती, मी रडत परत आले. उद्या वितळलं तर जाऊ. ड्वेनला फोन लावला, त्याचा लागला नाही. आई असती तर तिला विचारलं असतं. पण आईला तरी काय माहीत असतं. तिच्या काळी टेकडी नुसती टेकडी होती.

मी चुकतेय का? जे सांगितलं ते सगळं करतेय. खिडकी उघडी, अलार्म छताला, पोरं खाली. तरी रोज सकाळी आम्ही आदल्या दिवशीपेक्षा वाईट उठतो.

१० फेब्रुवारी, सोमवार

पहाटेपासून गोठलेला पाऊस. तारा तुटल्या. वीज नाही, फोनही मेला, कानाला लावला तर नुसतं शांत. मोबाइलला आमच्या घळीत कधीच रेंज नव्हती. स्ट्रोपबाई आज आल्या नाहीत, येणार तरी कशा.

दुपारी टेकडीवर सायरन झाला. लांब, थांबून थांबून. मग घरघर बंद पडली. आठवडाभर चालू होती ती एकदम बंद, आणि मला इतकं भयाण वाटलं की चुलीवरचं पातेलं तसंच हातात धरून उभी राहिले.

पोरांना लगेच खाली नेलं. नेलला खाटेवर बसवलं, ओटिसला खणात, अंगावर माझा कोट. नेल म्हणाली, "आई, नळी गातेय." फडकं उडून पडलं होतं, खुंटी तिरकी झाली होती. मी पायानं दाबली, बसेना. अलार्मकडे बघितलं. दिवा हिरवा. तो बॅटरीवरही चालतो, बरं झालं.

मी वर आलेय ती चूल विझवायला. वर ठिणगी नको. पाणी ओतलं, धूर झाला, आता विझली. वरच्या खिडक्या सगळ्या पूर्ण उघडल्या. पाऊस आत येतोय, येऊ दे. जिन्याच्या दोन पायऱ्या हातांवर चढले. इथे टेबलापाशी बसल्यावर जरा डोकं जागेवर आलं, म्हणून लिहून घेते.

तळघर फार गार आहे. हीटर खाली ठेवलाय, रॉकेल भरून. काडेपेटी एप्रनच्या खिशात आहे. आता जाऊन पेटवते, पोरं उबेत झोपतील, मी जागी राहीन. दार घट्ट लावून घेईन, फटीत चादर कोंबेन, म्हणजे वरचा गॅस खाली यायचा नाही.

मघाशी नेल खालून हाका मारत होती. आता गप्प झालीय. झोपली वाटतं. ओटिसचाही आवाज नाही.

मला झोप लागली तर सकाळी लवकर जाग येणार नाही, हल्ली येतच नाही. म्हणून ही वही इथे टेबलावर उघडी ठेवते. स्ट्रोपबाई, तुम्ही अंडी घ्यायला याल तेव्हा बघाल. किंवा जो कोणी आधी येईल त्यानं. माझ्या भावाला फोन करा. गार्थ, नंबर भिंतीवर फोनच्या वर पेन्सिलीनं लिहिलाय. त्याचा फोन कुलपात असला तर टेकडीवरच्या फाटकाशी जा आणि त्याला बोलवायला सांगा. म्हणावं, मार्लानं फोन उचलला नाही, ती तिची चूक झाली. म्हणावं, सायरन ऐकला आणि जे करायचं ते बरोबर केलं, पोरांना घेऊन तळघरात गेली. आम्ही खाली झोपतो हे मी त्याला कधी सांगितलंच नाही. आधी ते सांगा. बाकीचं नंतर. गार्थला फोन करा.